घोडबंदर ते नाणेघाट : दगडातून बोलणारी राजसत्ता

ठाण्याच्या माजिवड्यापासून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत नवे नगर उभे राहिले. त्यातील अनेक इमारतींच्या दर्शनी भागावर उंच गोल स्तंभ, त्यांच्या माथ्यावरील कोरीव शीर्षे, कमानी आणि त्रिकोणी शिरोभाग दिसतात. पातलीपाड्याजवळची हिरानंदानी इस्टेट हे या शैलीचे ठळक उदाहरण होय. ही शैली मूळची ग्रीकांची. पण तिला राजसत्तेची भाषा बनवून ती तीन खंडांत पोहोचवली ती रोमन सम्राटांनी. दोन हजार वर्षांनंतरही मोठेपणा दाखवायचा झाला की त्याच स्तंभांची आठवण व्हावी, यातच त्या भाषेचे सामर्थ्य दिसते.

मात्र वास्तूतून सत्ता बोलती करण्याची कला या परिसराला पश्चिमेकडून उसनी घ्यावी लागली नव्हती. घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आहेत आणि त्यांच्या पलीकडच्या उतारावर कान्हेरीची लेणी. दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी आहे; तिच्या वरच्या अंगाला कल्याणचे प्राचीन बंदर, तर मुखाशी वसई. सातवाहन, शिलाहार, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या साऱ्यांनी या टापूत आपापल्या सत्तेच्या खुणा दगडात ठेवल्या. त्या क्रमाने वाचल्या, तर राज्यकर्ते वास्तूकडून नेमके कोणते काम करून घेत, हे स्पष्ट होते.

रोमचा धडा

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने विटांचे शहर हाती घेऊन संगमरवराचे मागे ठेवल्याची बढाई मारली होती, असे त्याचा चरित्रकार स्युटोनियस सांगतो. बढाईचा भाग सोडला तरी त्यामागचे धोरण खरे होते. यादवी युद्धांतून सत्तेवर आलेल्या या पुरुषाला स्वतःला राजा म्हणवून घेणे परवडणारे नव्हते. जे शब्दांत सांगता येत नव्हते, ते त्याने वास्तू आणि शिल्पांकडून वदवून घेतले. इ.स.पू. ९ मध्ये अर्पण झालेल्या ‘आरा पाकिस’ या शांतिवेदीच्या भिंतीवर त्याचे सारे कुटुंब, लहान मुलांसह, धार्मिक मिरवणुकीत चालताना कोरले आहे. एका माणसाची सत्ता ही आता एका घराण्याची सत्ता आहे, हे त्या शिल्पपटाने एकही शब्द न वापरता जाहीर केले. आपल्या कारकीर्दीतील विजय, दाने आणि बांधकामे यांची यादी त्याने स्वतःच लिहून ठेवली. ती रोममध्ये त्याच्या समाधीपाशी ब्रॉंझवर कोरण्यात आली आणि तिची प्रत आजच्या अंकारा येथील मंदिराच्या भिंतीवर अजूनही वाचता येते.

त्याच्या वारसांनी हीच पद्धत वाढवली. टायटसच्या कमानीवर जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सात शाखांची दीपमाळ सैनिक खांद्यावरून मिरवताना दिसतात. इ.स. ११३ मध्ये उभ्या राहिलेल्या ट्राजनच्या स्तंभावर डेशियाचे युद्ध वर वर चढत जाणाऱ्या एका सलग पट्टीत कोरले आहे. रस्त्यांवरील मैलाच्या दगडांवर सम्राटाचे नाव असे. नाण्यावर त्याचा चेहरा असे. ज्याने आयुष्यात रोम पाहिले नव्हते, त्याच्या कनवटीलाही सम्राट पोहोचलेला असे.

सम्राटाचे कुटुंब, दानांची यादी, लुटीचे प्रदर्शन, युद्धाचा शिल्पपट, रस्ता आणि नाणे ही रोमन सत्तेची प्रमुख साधने होती. यातील जवळजवळ प्रत्येक साधनाचे स्वतंत्र देशी रूप ठाणे-कल्याणच्या परिसरात किंवा इथल्या व्यापारी मार्गांवर सापडते.

नाणेघाटातील राजघराणे

कल्याणहून मुरबाडमार्गे जुन्नरकडे जाणारी प्राचीन वाट सह्याद्री चढते ती नाणेघाटात. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल या खिंडीतून देशावर जाई. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात, अशी परंपरागत समजूत आहे. याच खिंडीच्या तोंडाशी सातवाहनांनी एक लेणे खोदले. त्याचा काळ बहुसंख्य अभ्यासक इ.स.पू. पहिले शतक मानतात.

या लेण्याच्या मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातील व्यक्तींच्या आठ प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर ब्राह्मी लिपीत नाव कोरलेले होते. सिमुक सातवाहन हा घराण्याचा संस्थापक, राणी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी अशी ही मालिका होती. महारठी हा नागनिकेचा पिता असावा, असे मानले जाते. म्हणजे सिंहासनाशेजारी सोयरिकीलाही जागा मिळाली होती. दख्खनच्या बलाढ्य सरदार कुळांशी जुळलेले नाते हाही राज्याचा एक आधारस्तंभ होता. भारतात नावानिशी कोरलेल्या राजप्रतिमांच्या सर्वांत जुन्या समूहांपैकी हा एक होय.

बाजूच्या भिंतींवर प्राकृत भाषेतील दीर्घ शिलालेख आहे. त्यात राजघराण्याने केलेल्या अश्वमेधादी यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. हजारोंच्या संख्येने गायी, तसेच घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी असा तो तपशील आकड्यांनिशी दिला आहे. ऑगस्टसने आपल्या यादीत रोमच्या नागरिकांना वाटलेल्या रकमा मोजून दाखवल्या. नागनिकेच्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायी मोजल्या आहेत. दोन्हीकडे आकड्यांचे काम एकच आहे. जो एवढे देऊ शकतो, त्याच्यापाशी किती असेल, याचा हिशेब वाचणाऱ्याने मनात करायचा असतो.

जागेची निवडही तितकीच बोलकी आहे. हा लेख राजधानीच्या प्रासादात नव्हता. ज्या खिंडीत प्रत्येक तांड्याला दम घेण्यासाठी थांबावेच लागे, तिथे तो होता. लमाणी बैलांना विसावा देताना व्यापाऱ्याची नजर पडे ती राजाच्या कुटुंबावर. लिपी न जाणणाऱ्यालाही प्रतिमांवरून पुरेसे कळत असे.

पुसलेला चेहरा

इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी प्रवासपुस्तिकेत कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. पूर्वी हे मान्यताप्राप्त व्यापारी बंदर होते. परंतु पुढे सत्ताबदल झाल्यावर तेथील व्यापारात अडथळे आले आणि चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात नोंदवले आहे. या ओळींमागे पश्चिम क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातील किनाऱ्यासाठीची चुरस आहे.

ही चुरस नाण्यांवरही लढली गेली. क्षत्रप नहपान याने चांदीच्या नाण्यांवर आपला चेहरा छापला होता आणि त्याभोवती ग्रीक अक्षरांतील मजकूरही होता. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर ही नाणी वितळवून नवी पाडली असती, तर त्यात नवल नव्हते. त्याने ती तशीच ठेवून त्यांवर आपले ठसे मारले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या निधीत १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे होते. पराभूताच्या चेहऱ्यावर विजेत्याचे चैत्यचिन्ह उमटलेले आहे आणि त्याखालून जुना चेहरा अर्धवट डोकावतो. रोममध्येही नकोशा झालेल्या राजपुरुषांची नावे दगडावरून छिन्नीने उडवली जात. सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवरून त्याच्या धाकट्या मुलाचे, गेटाचे, नाव असेच काढून टाकले गेले. गौतमीपुत्राने नहपानाचे अस्तित्व पूर्ण पुसले नाही. जुन्या चेहऱ्यावर नवा ठसा दिसत राहिला, की विजयाची बातमी प्रत्येक व्यवहारागणिक नव्याने सांगितली जात होती.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर हीच स्पर्धा वास्तूत दिसते. नहपानाचा जावई उषवदात याने तिथे एक देखणा विहार खोदवला होता. नंतर गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिने त्याच डोंगरात, त्याच घडणीचा पण अधिक अलंकृत विहार दान दिला आणि तेथील शिलालेखात आपल्या पुत्राची प्रशस्ती कोरवली. तीन समुद्रांचे पाणी प्यालेली त्याची वाहने आणि क्षहरात कुळाचा त्याने केलेला उच्छेद यांचा उल्लेख त्याच लेखात आहे. भिक्षूंना निवारा देण्याचे पुण्यकर्म आणि शत्रूच्या पराभवाची जाहीर घोषणा एकाच भिंतीवर नांदत होती.

कान्हेरी : राजा आणि दाता

येऊरच्या डोंगररांगेत, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असलेल्या कान्हेरीत चित्र थोडे निराळे आहे. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहात दानलेखांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील बहुतेक दाते राजे नाहीत. कल्याण, सोपारा, चौल अशा नगरांतील व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षू आणि भिक्षुणी यांनी कोणी खोली, कोणी पाण्याचे टाके, कोणी बसण्याचा ओटा दिल्याच्या या नोंदी आहेत. येथील मोठा चैत्य यज्ञश्री सातकर्णीच्या कारकीर्दीत दोघा व्यापारी भावांच्या पुढाकाराने कोरला गेला. राजाचे नाव अशा लेखांत अनेकदा कालगणनेपुरते येते. पण तेवढे येणेही पुरेसे असे. वर्ष सांगायचे तर राजाचे नाव घ्यावे लागते, हीदेखील सत्तेचीच एक खूण होती.

कान्हेरीतील एका पाण्याच्या टाक्यावरचा लेख विशेष महत्त्वाचा आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असून, ती कार्दमक कुळातील एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे म्हटले आहे. हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन, असे अभ्यासक मानतात. एकेकाळी किनाऱ्यासाठी लढणारे सातवाहन आणि क्षत्रप पुढे सोयरिकीने जोडले गेले आणि त्या बदललेल्या राजकारणाची नोंद राहिली ती एका टाक्याच्या काठावर. पाणी भरायला येणाऱ्याच्या नजरेसमोर ती राहील, याची व्यवस्था आपोआपच झाली होती.

नवव्या शतकातही या लेण्यांत शिलालेख कोरले जात होते. इ.स. ८४३ ते ८७७ या काळातील लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे कोकणातील मांडलिक शिलाहार यांची नावे एकापाठोपाठ येतात. आधी सार्वभौम, मग मांडलिक हा दरबारी क्रम दगडातही काटेकोरपणे पाळला आहे. गौड देशातून, म्हणजे आजच्या बंगालमधून, आलेल्या दात्याच्या लेखातही तो क्रम चुकलेला नाही.

अंबरनाथ : मांडलिकाचे महामंदिर

या मांडलिक शिलाहारांनीच पुढे ठाण्याला, म्हणजे तत्कालीन श्रीस्थानकाला, उत्तर कोकणच्या राजकारणाचे केंद्र बनवले. सुमारे साडेचारशे वर्षे टिकलेल्या या घराण्याची बिरुदे त्यांच्या ताम्रपटांतून कळतात. ते स्वतःला जीमूतवाहन या विद्याधराचे वंशज म्हणवत. सुवर्णगरुड हे त्यांचे ध्वजचिन्ह होते. ‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदाने ते आपले मूळ तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या प्राचीन नगराशी जोडत. सातवाहनकाळी रोमशी व्यापार करणारे ते नगर शिलाहारांच्या उदयापर्यंत आपले वैभव गमावून बसले होते. पण जुन्या वैभवाचे नाव नव्या घराण्याला वजन देत होते.

शिलाहारांना वास्तूचे महत्त्व सुरुवातीपासून ठाऊक होते. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील झंझ राजाने बारा शिवमंदिरे बांधली आणि त्यांना आपले नाव दिले, असे त्याच्या वंशजांचे ताम्रपट सांगतात. देवाच्या नावात राजाचे नाव मिसळले, की प्रत्येक पूजेत राजाचा उच्चार होतो. ही प्रथा भारतभर होती आणि शिलाहारांनी ती मनापासून स्वीकारली.

या परंपरेचे शिखर म्हणजे वालधुनी नदीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर. उत्तर दाराच्या तुळईवरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे वर्ष आणि माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, या राजाचे नाव येते. त्याचा थोरला बंधू छित्तराज याचाही उल्लेख त्यात असल्याने मंदिराचा आरंभ छित्तराजाने केला आणि मुम्मुणीने ते पूर्ण केले, असे मानतात. राजाच्या अधिकाऱ्यांची नावेही या लेखात आहेत. म्हणजे मंदिरावर राजाबरोबर त्याचे प्रशासनही नोंदवले गेले.

काळ्या बेसाल्टमधील हे मंदिर ‘भूमिज’ शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या उभ्या पट्ट्यांमध्ये लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचत नेल्या जातात. शैलीचे माहेर माळव्यातील परमारांच्या राज्यात मानले जाते. परमार राजा भोजाने कोकण जिंकल्याचे त्याचे १०२० सालचे ताम्रपट सांगतात. त्यानंतर अवघ्या ४० वर्षांत कोकणात त्याच शैलीतील इतके परिपूर्ण मंदिर उभे राहावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. उत्तरेतील सर्वांत प्रतिष्ठित दरबाराची वास्तुभाषा आपल्यालाही बोलता येते, हे शिलाहारांनी दाखवून दिले. मंदिराच्या बाह्य भिंती शिव, पार्वती, ब्रह्मा, सुरसुंदरी आणि गजथरांनी इतक्या भरलेल्या आहेत, की मोकळा दगड शोधावा लागतो. सभामंडपाचे खांब जड्या कामाने मढवल्यासारखे दिसतात. आत मात्र गाभारा पायऱ्यांनी जमिनीखाली उतरतो आणि सारा थाट मागे राहून भाविक अंधाऱ्या, थंड जागेत लिंगासमोर येतो. बाहेर राजाचे ऐश्वर्य आणि आत देवाचे सान्निध्य अशी ही दुहेरी रचना आहे.

मोठ्या साम्राज्यांच्या मध्ये दबलेल्या एका मांडलिक घराण्याने एवढे मंदिर का बांधावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या दुबळेपणातच शोधता येते. ‘महामंडलेश्वर’ ही पदवी मांडलिकत्वाची होती. सैन्याने जे सिद्ध करता येत नव्हते, ते शिल्पींच्या हातांनी सिद्ध केले जात होते.

वीरांचे दगड

शिलाहारांचा शेवटही दगडावरच नोंदला गेला, असे अनेक अभ्यासक मानतात. बोरिवलीतील एकसर येथील वीरगळांवर वल्ही मारणारी लढाऊ गलबते, तिरंदाज आणि पाण्यातील रणकंदन कोरले आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीचा यादव राजा महादेव याने शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला. त्या युद्धातील नाविक लढाईशी हे वीरगळ जोडले जातात. सर्वांत खाली लढाई, त्यावर वीराचे स्वर्गारोहण आणि वरच्या टोकाला देवाची पूजा अशी त्यांची मांडणी असते. ट्राजनच्या स्तंभावर युद्ध खालून वर चढते आणि टोकाला मुळात सम्राटाचा पुतळा उभा होता. वीरगळावरही युद्ध खालून वर चढते. पण टोकाला असतो देव, आणि त्याच्या पायाशी पोहोचतो तो पडलेला योद्धा. राजाची कीर्ती सांगणाऱ्या दगडांच्या गर्दीत राजासाठी मेलेल्यांची आठवण ठेवणारे हे दगड वेगळे उठून दिसतात.

घोडबंदर, वसई आणि घंटा

अरबी घोडे ज्या बंदरात उतरत, ते घोडबंदर, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि खाडीचा हा सारा काठ त्यांच्या अमलाखाली आला. वसईचा कोट, ठाण्यातील चर्चे आणि घोडबंदरचा किल्ला ही त्या अमलाची वास्तुरूपे होत. तट आणि चर्च ही पोर्तुगीज सत्तेची जोडखूण होती. १६७० च्या दशकात या बाजूने प्रवास केलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरनेही घोडबंदर येथे एका पोर्तुगीज जमीनदाराचे तटबंद घर आणि चर्च असल्याचे नोंदवले आहे.

टेकडीवरचा घोडबंदरचा किल्ला आकाराने मोठा नाही. त्याचे बळ त्याच्या जागेत होते. वसईहून ठाणे किंवा कल्याणकडे जाणारे कोणतेही गलबत त्याच्या नजरेतून सुटत नसे. नाणेघाटातील लेणे आणि घोडबंदरचा बुरूज यांच्यात सुमारे सतराशे वर्षांचे अंतर आहे. तरी दोन्ही ठिकाणी निवड अरुंद वाटेचीच झाली.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. कल्याणच्या खाडीवर दुर्गाडीचा किल्ला आणि जहाजबांधणी यांतून मराठ्यांच्या आरमाराचा पाया घातला गेला. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि घोडबंदर जिंकले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई पडली. या विजयाच्या खुणा मात्र वसईपासून दूरवर विखुरल्या. पोर्तुगीज चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत पोहोचल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळचे मेणवली आणि भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. जेरुसलेमची दीपमाळ रोममध्ये लूट म्हणून मिरवली गेली. वसईच्या घंटा लूट म्हणून आल्या, पण त्या देवापुढे टांगल्या गेल्या आणि रोज वाजवल्या जाऊ लागल्या. पिढ्या उलटल्यावर अनेकांच्या लेखी त्या केवळ मंदिराच्या घंटा उरल्या.

वज्रेश्वरी येथे चिमाजी अप्पांच्या नवसाशी जोडलेले देवीचे मंदिर उभे राहिले. त्याला किल्ल्यासारखा कोट आणि प्रवेशाला नगारखाना आहे. मंदिर पाहताना गडाची आठवण व्हावी, अशी त्याची घडण आहे. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी कोपिनेश्वर मंदिराची उभारणी केली. त्याचे मूळ शिलाहारकालीन असल्याची परंपरा आहे. शिलाहारांच्या स्मृतीशी नाते सांगत मराठ्यांनी पोर्तुगीज अमलाचा काळ जणू मधल्या मध्ये ओलांडला. रोममध्ये कॉन्स्टंटाइनने इ.स. ३१५ च्या आपल्या कमानीवर ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांतील शिल्पे बसवली. जुन्या नामवंतांच्या पंक्तीत नव्या सत्तेला बसवण्याची ही युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

किल्ल्याचा तुरुंग

पोर्तुगीजांनी आरंभलेला आणि अपुरा राहिलेला ठाण्याचा किल्ला मराठ्यांनंतर डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे त्याचा तुरुंग झाला आणि आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह त्याच तटांच्या आत आहे. याच किल्ल्यात १७८७ साली पाया खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचे इ.स. १०१७ चे ताम्रपट मिळाले आणि त्यांचा अनुवाद ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला. शिलाहारांचा विसरलेला इतिहास आधुनिक जगाला कळू लागला तो असा, दुसऱ्याच सत्तेच्या पायाखालून.

इंग्रजांनी रोमचा वारसा उघडपणे मिरवला. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या टाऊन हॉलचे दर्शनी स्तंभ ग्रीक धर्तीचे आहेत. पण ठाणे-कल्याणवर त्यांची छाप पडली ती रस्ता आणि पूल यांतून, म्हणजे रोमन पद्धतीच्या दुसऱ्या अंगाने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली आणि १८५४ मध्ये ती खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. नाणेघाटाच्या वाटेवरील प्राचीन बंदराला आता रुळांनी मुंबईशी बांधले. घड्याळाच्या काट्यावर चालणारी ही व्यवस्था कोणत्याही पुतळ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे नव्या राज्याची ओळख करून देत होती.

काय टिकते

दोन हजार वर्षांच्या या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. सत्तेची वास्तू माणसांना टाळता येणार नाही अशा जागी उभी राहते. घाट, खाडी, पाण्याचे टाके, देवळाचे दार या त्या जागा. ती जुन्या सत्तेची सामग्री वापरते, मग ती नाणी असोत, घंटा असोत वा एखाद्या नगराचे नाव. आणि ज्यांचे आसन डळमळीत असते, ते बहुधा अधिक आग्रहाने बांधतात.

परंतु कोण टिकले, याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे निघते. नाणेघाटातील राजप्रतिमा आज उरलेल्या नाहीत. भिंतीवर नावे आणि पावलांच्या अस्पष्ट खुणा तेवढ्या राहिल्या. घोडबंदरच्या किल्ल्याला जहाजांवर नजर ठेवण्याचे काम केव्हाच उरले नाही. अंबरनाथचे मंदिर मात्र आजही पूजेत आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. कान्हेरीची टाकी पावसाळ्यात अजूनही भरतात. राजाच्या नावासाठी बांधलेले जे काही लोकांच्या नित्य उपयोगाचे ठरले, ते राजाचे नाव विसरले गेल्यावरही जपले गेले.

जपणुकीचा हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. अंबरनाथच्या भिंतींवरील शिल्पांची झीज उघड्या डोळ्यांनी दिसते आणि ज्या वालधुनीच्या काठी हे मंदिर उभारले गेले, ती नदी दीर्घकाळ कारखान्यांच्या सांडपाण्याने ग्रासलेली आहे. वीरगळ तर गावोगावी उघड्यावर आहेत आणि बांधकामाच्या धांदलीत असा एखादा दगड हलवला गेला, तर त्यावरची लढाई कोणाची होती, हे सांगणारा संदर्भ कायमचा तुटतो. नाणेघाटातील चेहरे परत आणता येणार नाहीत. त्यांची नावे वाचता येतात ती केवळ अक्षरे कोरलेली भिंत शाबूत राहिली म्हणून. ठाणे-कल्याण परिसरातील उरलेल्या दगडांना तेवढे संरक्षण मिळाले, तर पुढच्या पिढीला आपल्या गावाचा इतिहास रोमच्या पुस्तकात शोधावा लागणार नाही.